काचेच्या बाटलीच्या सिम्युलेशनसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, बाटली फुगवण्याच्या प्रक्रियेवर प्रोजेक्ट घेतलाय आणि सॉफ्टवेअर कोणतं ते विचारताय. पॉलिफ्लो (अशा प्रक्रियांच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) कॉलेजात असेल तर तेच वापरा. पण मी साच्यांच्या डिझाइनमध्ये आहे, आणि माझ्या पाहण्यात सिम्युलेशनमध्ये बाटलीच्या भिंतीची जाडी चुकते ती बहुतेक वेळा तापमान नीट न दिल्यामुळे.

साधी सोडा-लाइम काच सुमारे १,०३० अंश सेल्सिअसवरून ७२५ वर उतरली, की तिची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) चारेक हजार पट वाढते. त्यामुळे गार भाग ताणलाच जात नाही आणि शेजारचा गरम भाग पातळ होत जातो.

ब्लो-अँड-ब्लो पद्धत घ्या, म्हणजे दोन साच्यांत दोनदा हवा फुंकून बाटली घडवणं. गॉब (वितळलेल्या काचेचा गोळा) ब्लँक मोल्डमध्ये, म्हणजे पहिल्या साच्यात पडतो तेव्हा बाटलीचं तोंड खाली असतं. वरून हवा देऊन काच गळ्यात बसवतात, मग खालून काउंटर-ब्लो, म्हणजे उलट दिशेने हवा देतात आणि काच वरची मोकळी जागा भरते. म्हणजे खालची काच साच्याच्या लोखंडाला आधी टेकली, वरची नंतर. या दोन भागांच्या सीमेवर तयार बाटलीत जाडी बदलते. तिला सेटल वेव्ह म्हणतात. रिकामी बाटली उजेडासमोर धरून हळूहळू फिरवा, कधीकधी अंगावर तो पट्टा स्पष्ट दिसतो. तुमच्या मॉडेलमध्ये तो आपोआप उमटला पाहिजे. म्हणून तयार पॅरिसनपासून (पहिल्या साच्यातून निघालेली अर्धवट बाटली) नको, गॉब पडण्यापासून सुरुवात करा.

पॅरिसन उलटून ब्लो मोल्डमध्ये, म्हणजे शेवटच्या साच्यात जातो, त्या मधल्या वेळात आतली उष्णता गार पडलेल्या कातडीला पुन्हा मऊ करते. हा रीहीट गाळला तर पुढचं सगळं वाया.

काच आणि साच्यामधला उष्णता-संक्रमण गुणांक स्थिर धरू नका. काच टेकताना तो जास्त असतो, मग उतरतो. साच्याचं तापमानही एकाच आवर्तनावर सोडू नका, दर आवर्तनाला तेच आकडे येईपर्यंत चालवा. रेडिएशनसाठी रॉसलँड सूत्र (रेडिएशनला उष्णतावहनासारखं धरणारं) गडद काचेला बरंच चालतं, पातळ पारदर्शक भिंतीला मात्र जपून.

आकार गोलच निवडा, म्हणजे अक्षसममित (मधल्या अक्षाभोवती सगळीकडे सारख्या) मॉडेलवर भागेल. आणि त्याच साच्यातल्या काही बाटल्या कारखान्यातून मागून घ्या, उभ्या कापून वेगवेगळ्या उंचीवर जाडी मोजा. हे आकडे हाती आल्याशिवाय गाइडला रंगीत चित्रं दाखवू नका.