व्हिडिओ लावला की संगणक गोठतो

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये तिसऱ्या पिढीचा आय3, 4 जीबी रॅम आणि विंडोज 10 आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. व्हिडिओ लावला की दहा-पंधरा मिनिटांत चित्र थांबतं, आवाज 'टर्रर्र' असा अडकतो, माउसही हलत नाही. पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. टायपिंग, बँकेची कामं व्यवस्थित होतात. दोनदा फॉरमॅट केलं. दुकानदार नवं ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतो. घ्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अजून घेऊ नका. नेट संथ असेल तर नुसतं चित्र थांबतं, माउस हलत राहतो. तुमचं अख्खं मशीन गोठतं, म्हणजे दोष ड्रायव्हरचा (ग्राफिक्ससारखा भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर) किंवा हार्डवेअरचा. खात्रीसाठी नेट बंद करून डिस्कवरची एखादी एमपी4 फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये अर्धा तास चालवा. तीही गोठली तर ब्राउझरवरचा संशय मिटला.

फॉरमॅटनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा बरेचदा राहून जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. तिथे इंटेल एचडी ग्राफिक्सऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसला, तर विंडोज अपडेटमधून किंवा मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर असूनही गोठत असेल तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट / कोडेक्स'खाली हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्सकडे सोपवणं) 'डिसेबल' करून तीच फाइल पुन्हा लावा. आता गोठणं थांबलं तर ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती टाकून पाहा.

तरीही थांबलं नाही, तर आमचा पहिला संशय रॅमवर. तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच 4 जीबीतला वाटा वापरतं. व्हिडिओची एकेक फ्रेम सतत तिथे लिहिली-वाचली जाते, त्यामुळे टायपिंग करताना कधी न जाणवलेला रॅमचा बिघाड इथे उघडा पडतो. फॉरमॅटने तो जाणार नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच रॅम काढा. सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरही चालतं, पण त्याचा भुसा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एकही एरर आली तरी ती पट्टी बदलायचीच.

रॅम ठीक निघाली तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. व्हिडिओ चालू असताना मल्टिमीटरने त्याच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमधला व्होल्टेज मोजा. 11.4 ते 12.6 व्होल्टच्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदला, त्याचा डबा मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात. मदरबोर्डवर फुगलेला कपॅसिटर दिसतो का तेही बघा. एसएमपीएस कमजोर असताना नवं कार्ड बसवलं तर त्यावरचा भार आणखी वाढेल.

उष्णतेबद्दल थोडक्यात : प्रोसेसर अति तापला तर आधी वेग कमी करतो आणि शेवटी मशीन बंद पडतं, अडकून राहणं त्यामानाने कमी. तरी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान 90 अंशांपुढे दिसलं तर पंख्याची धूळ काढून प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे पोचवणारा लेप) नव्याने लावा.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर यूट्यूब 1080पीला चित्र अडखळतं, आवाज नीट येतो, बाकी काही गोठत नाही.

उत्तर : व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि 'कोडेक्स'ची (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीची) ओळ वाचा. तिथे व्हीपी09 (म्हणजे व्हीपी9) किंवा एव्ही01 (म्हणजे एव्ही1) असेल तर कारण सापडलं. व्हीपी9 पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आणि एव्ही1ची अकराव्या पिढीपासून आली. तुमच्याकडे तो बोजा प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच264इफाय हे एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब एच.264 पाठवतं, जे तुमचं ग्राफिक्स सहज उलगडतं. ओळीत मग एव्हीसी1 (म्हणजे एच.264) दिसेल. यूट्यूब एच.264 साधारण 1080पीपर्यंतच देतं, त्यामुळे 4के मिळणार नाही.