वाचक विचारतात: स्टील गिटार, सॅक्सोफोन आणि फुंकवाद्यांचा मेळ

प्रश्न: आमच्या ऑर्केस्ट्रात सहा तारांची स्टील गिटार (सी सिक्स्थ ट्यूनिंग, म्हणजे जाड तारेपासून सी-ई-जी-ए-सी-ई), दोन आल्टो सॅक्स, एक टेनर आणि एक ट्रम्पेट आहे. सगळे मिळून एकच ओळ वाजवतात, तेव्हा गिटार वेगळी पडते. अँपचे ट्रेबल-बेस हवे तसे फिरवून पाहिले, उपयोग नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अँपचे ट्रेबल-बेस फिरवू नका, दोष सुराच्या सुरुवातीत आहे. तार छेडली की पहिल्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि तिथून तो उतरत जातो. सॅक्सचे उलट असते. जीभ रीडवरून (माउथपीसवरच्या वेताच्या पट्टीवरून) सुटते, फुंक भरते, सूर उभा राहतो आणि फुंक आहे तोवर तेवढाच टिकतो. म्हणून ऐकणाऱ्याला आधी पिकची (तार छेडायच्या नखीची) ‘टक्’ ऐकू येते, मग सॅक्स येतो आणि त्याच्याखाली गिटार विरून जाते.

यावर इलाज व्हॉल्यूम पेडलचा, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायच्या पेडलचा. अँप नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा. तार छेडताना पेडल साधारण एक तृतीयांश उघडे असू द्या. सॅक्सचा सूर भरतो त्या वेगाने ते अर्ध्यापर्यंत न्या आणि तार विरू लागेल तसे उरलेले सावकाश उघडा. बहुतेक वादक पहिल्याच मात्रेला पेडल पूर्ण उघडून तळाला नेतात. मग लांब सुरासाठी हातात काही उरत नाही. छेडण्याची जागाही ब्रिजपासून बारा-पंधरा सेंटिमीटर पुढे, फ्रेटबोर्डच्या बाजूला घ्या. हळुवार ओळीत धातूचे पिक काढून अंगठ्याच्या मांसल भागाने छेडले, तर ‘टक्’ जवळजवळ नाहीशी होते.

सुराचा शेवटही तितकाच महत्त्वाचा. सॅक्सवाले श्वास घेतात तिथे त्यांचा सूर तुटतो, गिटारची तार मात्र वाजतच राहते. गिटारच्या नोटेशनवरही श्वासाच्या खुणा लिहा आणि त्या जागी उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून सूर बंद करा. एवढ्या एका सवयीने निम्मे काम होते.

आणखी एक गोष्ट कंपनाची. बार (गिटारच्या तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) पुढेमागे हलतो तेव्हा सूर वर आणि खाली दोन्हीकडे जातो. सॅक्सचे कंपन जबड्याने येते आणि मुख्यतः सुराच्या खालीच जाते. दोन्ही एकदम सुरू झाली की सूर गढूळ होतो. एकत्र ओळीत बार स्थिर ठेवावा आणि कंपन फक्त सॅक्सने करावे, असे आमचे मत आहे. मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) एका फ्रेटपेक्षा लांबवू नका, कारण सॅक्सला खालून तेवढेच सहज उचलता येते. एवढे सगळे जमल्यावर मग ट्रेबल कमी-जास्त करून पाहा.

प्रश्न: खोलीत सूर चोख लागतात. हिवाळ्यात मैदानातल्या कार्यक्रमात मात्र तासाभरात गिटार चढते आणि सॅक्स उतरतो. वादकाची चूक की वाद्याची? – एक सॅक्सवादक, पुणे

उत्तर: चूक कुणाचीच नाही, हवेची आहे. हवा एक अंश सेल्सिअसने थंड झाली की तिच्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटतो आणि नळीतला सूर सुमारे तीन सेंटने उतरतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). फुंकेने नळी थोडी गरम राहते, म्हणून प्रत्यक्षात घट याहून कमी असते, पण कानाला कळेल इतकी असते. पोलादी तार थंडीत आकसते, ताण वाढतो आणि सूर चढतो. दोन वाद्ये विरुद्ध दिशांना जातात, म्हणून फरक दुप्पट वाटतो.

सॅक्स दोन-तीन मिनिटे फुंकून गरम केल्याशिवाय सूर लावूच नका. कॉन्सर्ट ए (प्रत्यक्ष ऐकू येणारा ए, सॅक्सच्या कागदावर त्याचे नाव वेगळे असते) मिळवायचा असेल तर आल्टोने एफ शार्प आणि टेनरने बी वाजवावा. सॅक्स उतरला असेल तर माउथपीस कॉर्कवर एक-दोन मिलिमीटर आत सारा. मात्र त्याचा परिणाम वरच्या, आखूड नळीच्या सुरांवर जास्त होतो, म्हणून खालचा आणि वरचा असे दोन्ही सूर तपासा. बार किंचित मागे घेऊन गिटारवाला निभावून नेतो खरा, पण जाड आणि बारीक तारा सारख्या चढत नाहीत. एकेरी ओळीत हे खपते, कॉर्डमध्ये (अनेक सूर एकदम वाजतात तेव्हा) उघडे पडते. दर दोन-तीन गाण्यांनंतर तारा पाहाव्यात. साथीला हार्मोनियम असेल तर प्रश्नच मिटला, सगळ्यांनी तिच्याकडे जायचे.

प्रश्न: कॉर्डमध्ये गंधार (सा-रे-ग मधला ग) आंबट लागतो. काय करावे? – एक अरेंजर, मिरज

उत्तर: स्टील गिटारवाले कानाने तारा लावताना कानाला पूर्ण जुळणारा गंधार साधतात आणि तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट खाली असतो. सॅक्सवाला ट्यूनरवर लावतो. दोघांनी एकाच वेळी गंधार धरला की भांडण होणारच. कीबोर्ड असेल तर ई तारा (सी ट्यूनिंगमधला गंधार) पाच-सहा सेंटच खाली ठेवा आणि गंधार एकालाच द्या. पांढरी चारच्या (हार्मोनियमची चौथी पांढरी पट्टी, एफ) एफ सिक्स्थ कॉर्डचे (एफ, ए, सी, डी) उदाहरण घ्या. गिटारने पाचव्या फ्रेटवर पहिली आणि दुसरी तार वाजवावी (ए, एफ). त्याखाली आल्टोंना कॉन्सर्ट डी आणि सी, म्हणजे त्यांच्या कागदावर बी आणि ए. तळाला टेनरला कॉन्सर्ट एफ, कागदावर जी. गंधार फक्त गिटारकडे आहे, म्हणून मेळ बसतो. ट्रम्पेट घ्यायचा असेल तर कप म्यूट (भोंग्याला बसवायचे, आवाज दाबणारे झाकण) लावून.

प्रश्न: गायिकेचा सूर पांढरी तीन आहे. सॅक्सवाले कुरकुर करतात. – एक संयोजक, सांगली

उत्तर: कुरकुर रास्त आहे. आल्टोच्या कागदावर पाच फ्लॅट येतात, टेनरच्या कागदावर सहा शार्प. गिटारला मात्र तोच चौथा फ्रेट. वेगवान पीस गिटारला द्या आणि फुंकवाद्यांना लांब सूर द्या. गाणे वाद्यांचेच असेल तर काळी दोन, काळी पाच किंवा पांढरी चार निवडा. गिटारला अनुक्रमे तिसरा, दहावा आणि पाचवा फ्रेट पडेल.

प्रश्न: हा मेळ कुठे ऐकावा? – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर: अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या टल्सा शहरात १९३०च्या दशकात नावारूपाला आलेला बॉब विल्स यांचा टेक्सास प्लेबॉइज हा वाद्यवृंद ऐका. त्यात लिऑन मॅकऑलिफ यांची स्टील गिटार आणि सॅक्स-ट्रम्पेट असत. कोण कोणाला जागा देतो तिकडे कान द्या. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी १९६७ साली एकत्र ध्वनिमुद्रित झाली आहे. बासरीला जीभेचा ठोका नसला तरी चालतो आणि मींड दोघांकडेही आहे, त्यामुळे पेडलची कसरत इथे कमी लागते. गाण्याची पट्टी बदलली की बासरी मात्र बदलावी लागेल, दुसरी आधीच जवळ ठेवा.