स्वेटर मापाचा हवा, तर आधी तुकडा विण

अगं, तुळशीबागेतून लोकर आणलीस की लगेच पाठीचे टाके घालायला बसू नकोस. आधी १५ सेंमीचा चौकोन विण, धू, सपाट पसरून वाळव आणि मगच मधल्या १० सेंमीतले टाके मोज. कंटाळा येतो, ठाऊक आहे. मी हे टाळलं होतं. तो स्वेटर शेवटी भाच्याला गेला.

समज, १० सेंमीत २२ टाके आले. तुझी छाती ९२ सेंमी, वर ८ सेंमी सैलपणा, म्हणजे घेर १००. एकूण २२० टाके, पुढे-मागे ११० प्रत्येकी, शिवणीसाठी कडेला एकेक जास्त. पण तुझा हात घट्ट असेल आणि २४ टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांत जेमतेम ९२ सेंमी भरतात. स्वेटर अंगाला चिकटलाच! अशा वेळी जाड सुई घे. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात, ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि ७ नंबर त्याहून जाड.

सैलपणा किती, हे तुझं तू ठरव. पुण्याच्या थंडीत आत पातळ कुर्ताच असतो, ८ सेंमी पुरे.

लांबीची भीती वाटत असेल तर गोल सुईवर (लवचिक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर) गळ्यापासून खाली विण. मधेच टाके जाड दोऱ्यावर उतरवून अंगात घालून बघता येतं, आणि बाही आखूड वाटली तर फक्त मनगटाची पट्टी उसवायची.