पॉट आइस्क्रीम मध्ये पातळ का राहतं?

प्रश्न : ठोसेघरच्या वाटेवर मोटारसायकली थांबवून मित्राच्या शेतात कोळशावर चिकन भाजतो, पॉट आइस्क्रीमही करतो (पिंपात बर्फ-मीठ, मधल्या डब्यात दूध, हँडलने फिरवायचं). ते कडेला दगड होतं, मध्ये पातळ. का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मीठ जास्त पडतंय. सहा किलो फोडलेल्या बर्फाला किलोभर जाडं मीठ पुरे, तेही थराथराने. आटवलेलं दूध घरीच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कोमट ओतलंत तर बर्फ त्यातच खर्च होतो. डबा पाऊणापेक्षा कमी भरा, मिश्रण फुगतं. हँडल थांबवू नका. पिंपाचं भोक मोकळं ठेवा, नाहीतर खारं पाणी झाकणातून आत शिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. सीताफळाचा गर शेवटी घाला.

चिकन निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्यावरच चढवा. ज्वाळेवर ते करपतं, हाडाशी कच्चं राहतं.