प्रश्नोत्तरे : आवरण सोलणाऱ्या पेशी, आवरण चढवणाऱ्या पेशी

प्रश्न : 2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) साथ आली, तेव्हा माझ्या धाकट्या भावालाही तो झाला. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशींनी नसांवरचे आवरण खाल्ले. आता म्हणतात, आवरण पुन्हा चढते आहे आणि त्यात त्याच पेशींची मदत आहे. खरे काय मानायचे? – एक वाचक, धायरी

उत्तर : दोन्ही खरे आहे. हे आवरण म्हणजे मायलिन. हातापायांच्या नसांत ते श्वान (Schwann) पेशी तयार करतात. एक पेशी नसेतल्या एकाच तंतूच्या फार तर मिलिमीटरभर लांबीवर स्वतःचा पापुद्रा गुंडाळत जाते. जाड मायलिन असलेल्या तंतूत संदेश सेकंदाला 100 मीटरपर्यंत धावतो, मायलिन नसलेल्या बारीक तंतूत एक-दोन मीटर.

जीबीएसच्या मायलिन जाणाऱ्या प्रकारात प्रतिपिंडे श्वान पेशीला चिकटतात आणि त्यांच्यामागून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पांढऱ्या पेशी येतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांचे काम दिसते. मॅक्रोफेज श्वान पेशीभोवतीचे पातळ अस्तर भेदते, मायलिनच्या दोन पदरांमध्ये शिरते आणि एकेक पदर सुटा करून गिळते. आतला तंतू उघडा पडतो, पण बहुधा शाबूत राहतो. भाऊ बरा होण्याची सगळी मदार त्या शाबूत तंतूवर आहे.

हल्ला थांबला की तिथे मायलिनचे तुकडे उरतात. ते उचलले गेल्याशिवाय नवे आवरण नीट बसत नाही. काही तुकडे श्वान पेशी स्वतःच पचवतात, बाकीचे मॅक्रोफेज. गिळलेल्या मायलिनमधला कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज पुन्हा बाहेर सोडतात आणि श्वान पेशी तो नव्या मायलिनसाठी वापरू शकतात. उंदरांतल्या प्रयोगांत असेही दिसले आहे की, मॅक्रोफेजकडून येणारे गॅस-6 हे प्रथिन श्वान पेशींना पुन्हा मायलिन घडवायच्या स्थितीत आणते. म्हणून या पेशी सरसकट मारून टाकणे हा उपाय नाही. हल्ला थांबावा आणि सफाई चालू राहावी, हे साधायचे असते.

भावाचा नर्व्ह कंडक्शनचा (नसेतला संदेशाचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट काढून बघा. 'डिमायलिनेटिंग' लिहिले असेल तर वरचे सगळे लागू आहे. सुधारणा काही आठवडे ते काही महिन्यांत दिसते. 'अ‍ॅक्सोनल' लिहिले असेल तर मार मुख्यतः तंतूलाच बसलेला असतो. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता, आणि त्याच्या संसर्गानंतर हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. त्यातले काही रुग्ण झपाट्याने सावरतात. पण तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पावलांपर्यंत पोहोचायला वर्ष सहज लागते.

आणखी एक. नवे मायलिन आधीपेक्षा पातळ असते आणि त्याचे टप्पे आखूड असतात. ताकद परत येऊनही रिपोर्टमधला वेग कमीच राहू शकतो. तेवढ्यावरून आजार उलटला असे समजू नका.

प्रश्न : जीबीएसमध्ये नसांना सूज होती, तर स्टिरॉइड का दिले नाही? इम्युनोग्लोब्युलिनपायी दागिने मोडावे लागले. – एक वाचक, नाशिक

उत्तर : जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांतून स्पष्ट झाले आहे, तोंडाने दिलेल्या गोळ्यांनी तर सुधारणा लांबलेली दिसली. मॅक्रोफेजची सफाई त्याने मंदावत असावी, असा एक तर्क आहे. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, वजनाच्या किलोमागे रोज 0.4 ग्रॅम असे पाच दिवस देतात. 60 किलोच्या माणसाला रोज 24 ग्रॅम, एकूण 120 ग्रॅम. खर्च तिथे होतो. अशक्तपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवे. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचा उपायही तितकाच गुणकारी आहे, मात्र इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर लगेच प्लाझ्मा बदलला तर दिलेले औषधच धुऊन निघते. सुधारणा मंद आहे म्हणून दुसरा कोर्स मागू नका. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुसऱ्या कोर्सने फायदा झाला नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे त्रास वाढले.

अशक्तपणा आठ आठवड्यांनंतरही वाढतच असेल तर तो सीआयडीपी हा दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. त्यात स्टिरॉइड चालते. तेव्हा निदान पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला (वय 54) मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतले मायलिन जाण्याचा आजार) आहे. जीबीएसचे रुग्ण उठून चालू लागतात, मग हिचे मायलिन का भरून येत नाही? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भरून येते, पण अपुरे, आणि वयाबरोबर कमी कमी. मेंदूत मायलिन करणाऱ्या पेशी वेगळ्या, ऑलिगोडेंड्रोसाइट. त्यातली एकेक पेशी अनेक तंतू सांभाळते. सफाईचे काम मुख्यतः मायक्रोग्लिया या मेंदूतल्या भक्षक पेशी करतात. नसेतला कचरा काही आठवड्यांत हटतो, मेंदू-मज्जारज्जूत तो कित्येक महिने पडून राहतो, आणि त्या कचऱ्यामुळे ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी पक्व होत नाहीत.

2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वयस्क उंदरांत याचे एक कारण दाखवले. गिळलेल्या मायलिनचा कोलेस्टेरॉल बाहेर टाकणे म्हाताऱ्या भक्षक पेशींना जमत नाही. तो पेशीतच साचतो, त्याचे सुईसारखे स्फटिक होतात, ते पचनाच्या पिशव्या फोडतात आणि दाह सुरूच राहतो. त्याआधी, 2012 मध्ये, म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडल्यावर म्हाताऱ्या उंदरात मायलिन भरण्याचे काम सुधारले होते. तरुण उंदराच्या पांढऱ्या पेशी तिथे सफाईला पोहोचल्या होत्या. बेलफास्टच्या गटाने 2017 मध्ये नियामक टी पेशींचाही वाटा दाखवला. या पेशी दाह आवरतातच, शिवाय पूर्वपेशींना पक्व होण्याचा थेट संकेत देतात.

यातून रोजच्या वापराचे औषध अजून आलेले नाही. आज मिळणारी औषधे नवे हल्ले रोखतात. ती वेळच्या वेळी घेणे म्हणजे उघड्या तंतूला तुटण्यापासून वाचवणे. बहिणीला बरे वाटत असले तरी डोस चुकवू देऊ नका.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल आणि बी-12 द्यावे का? – तेच वाचक

उत्तर : ज्या आजारात प्रतिकारशक्तीच आपल्या अंगावर उलटली आहे, तिथे ती 'वाढवायला' जाऊ नये. गुळवेल घेणाऱ्यांत यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. एमएसच्या काही औषधांचा भार यकृतावर पडतो, तेव्हा काढा चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगाच. बी-12 ची रक्ततपासणी मात्र जरूर करा, शाकाहारी असाल तर विशेषच. त्याची कमतरता स्वतःच मायलिन बिघडवते. कमी निघाले तर इंजेक्शनाचा कोर्स पुरा करा. पातळी चांगली असेल तर जादा इंजेक्शनांनी नवे मायलिन येत नाही.