परदेशातल्या धोकादायक पंथात आपली माणसं अडकली तर सरकारने काय करायला हवं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "सरकार सरळ कमांडो पाठवून माणसं सोडवून का आणत नाही?" हेच वाक्य आमच्या नेरूळच्या घरात, सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या मामांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की आज उत्तर लिहायला बसलोच.

माझी धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट. वाशीच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर केलं, मग आठवड्याला एक बैठक, आणि वर्षभरात तीन महिन्यांच्या कोर्ससाठी थेट दक्षिण अमेरिका. पंथाचं आणि देशाचं नाव लिहीत नाही. गुरू भारतीय नव्हता एवढं सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये लगेच दुसरंच भांडण सुरू होईल.

आधी रोज फोन यायचा. मग रविवारी. मग पंधरा दिवसांनी एकदा व्हिडिओ कॉल, तोही इंग्रजीतूनच, कारण तिथे म्हणे कुणी कुणापासून काही लपवत नाही. आईचं इंग्रजी रेशनकार्डावर सही करण्यापुरतं. "हाऊ आर यू बाळा" म्हणायची आणि गप्प बसायची. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात कायम एक पांढरी बाही दिसायची. चेहरा नाही, फक्त टेबलावर ठेवलेला हात. एकदा आई न राहवून मराठीत बोलली, "जेवलीस का गं?" धाकटीने आधी त्या हाताकडे बघितलं आणि मग उत्तर दिलं. जेवलीस का, एवढ्याच प्रश्नाचं! त्याच रात्री मी कागद जमवायला घेतले.

मामा ठाण्याला चरईत राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, ओळखी दांडग्या, आवाज त्याहून दांडगा. ते म्हणाले, "कागद कसले करतोस? खासदाराला गाठू, चॅनलवाले आणू, पोरीला उचलू." आणि आम्हाला न विचारता त्यांनी त्या लोकांना मेल ठोकला: मुलगी परत करा, नाहीतर पोलीस पाठवतो. पुढचे अकरा आठवडे कॉल नाही. ते अकरा आठवडे मामांच्या हिशेबात आजही धरलेले नाहीत.

इथल्या पोलिसांकडे गेलो तर विचारलं, "तक्रार काय लिहू? योग शिकवला म्हणून?" राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी पासपोर्टची, व्हिसाची झेरॉक्स, शेवटचा पत्ता, कॉलच्या तारखा, मोडलेल्या एफडीच्या पावत्या, सगळं एका फाइलला लावून परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर टाकलं. त्या देशात आपली वकिलात नाही, शेजारच्या देशातूनच कारभार चालतो. दोन महिन्यांनी एक अधिकारी तिथे जाऊन आले. त्यांना चहा मिळाला. धाकटीला सगळ्यांसमोर बोलावलं आणि हिंदीत विचारलं, तुम्ही इथे स्वतःच्या मर्जीने आहात का? ती हो म्हणाली. आम्हाला मेल आला: सज्ञान आहेत, स्वेच्छेने आहेत, सुखरूप आहेत. मामांनी तो मेल वाचून परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे, लाव तुझ्या फाइलला."

ते वाक्य इतकं लागलं की मी या विषयाचं हाताला लागेल ते वाचत सुटलो. तर आता ऐका.

जोन्सटाउन. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात एका अमेरिकन पंथाने वसवलेली वस्ती. अमेरिकन वकिलातीचे अधिकारी तिथे एकदा नव्हे, अनेकदा गेले होते. नातेवाइकांनी ज्यांची नावं दिली होती त्यांना बाजूला घेऊन विचारलं, परत यायचंय का? उत्तर एकच, आम्ही मजेत आहोत. पासपोर्ट पंथाच्या ताब्यात होते आणि पाहुणे यायच्या आधी उत्तरं घोकून घेतली जात. शेवटी लिओ रायन नावाचे अमेरिकी संसदेचे सदस्य स्वतः गेले, पत्रकार आणि नातेवाईक घेऊन. तेव्हा कुठे एकाने गुपचूप चिठ्ठी सरकवली आणि काही जण निघायला तयार झाले. १८ नोव्हेंबर १९७८ ला धावपट्टीवर रायनना गोळ्या घातल्या आणि त्याच दिवशी वस्तीत, पंथप्रमुखाच्या हुकमावरून विष घेऊन, ९०९ माणसं मेली. त्यातली तीनशेच्या आसपास मुलं. म्हणजे नुसतं बाजूला घेऊन विचारणं पुरत नाही. त्याच कुंपणात उभं राहून विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो.

दुसरं उदाहरण वकिलातीनेच पाठ फिरवल्याचं. चिलीमध्ये पॉल शेफर या जर्मन पंथप्रमुखाची 'कोलोनिया डिग्निदाद' नावाची वसाहत होती. मुलांवर अत्याचार, कुंपण, फुकटची मजुरी, आणि पुढे हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत तिथे कैद्यांचा छळही झाला. पळून जर्मन वकिलातीत पोहोचलेल्यांना परत वसाहतीत पाठवल्याच्या घटना आहेत. जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, श्टाइनमायर यांनी, आपल्या अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला हे जाहीरपणे मान्य केलं २०१६ मध्ये. तोवर शेफर तुरुंगात मरूनही सहा वर्षं झाली होती.

आता मामांचे कमांडो. एक तर दुसऱ्याच्या देशात कमांडो पाठवणं म्हणजे काय ते मामांनाही कळतं, फक्त सोफ्यावर बसून कळत नाही. आणि स्वतःच्या देशात, स्वतःच्या पोलिसांनी केलं तरी काय होतं? वेको, टेक्सास, १९९३. २८ फेब्रुवारीला एका पंथाच्या वस्तीवर शस्त्रांच्या वॉरंटवर धाड घातली, चार सरकारी अधिकारी आणि पंथाचे सहा जण मेले, ५१ दिवस वेढा चालला, आणि १९ एप्रिलला आगीत ७६ जण गेले. त्यात वीसहून जास्त ब्रिटिश नागरिक होते. लंडन, मँचेस्टरमधल्या घरांत असेच कुणाचे मामा बसलेले असतील. आग कुणी लावली यावर नंतर भरपूर वाद झाला, मेलेले मेलेच.

म्हणून सरकार बसून राहिलं तर बरं, असंही नाही. जपानने १९८९ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाला धार्मिक संस्था म्हणून रीतसर मान्यता दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंथात गेलेल्यांच्या पालकांच्या बाजूने लढणारे वकील साकामोतो, त्यांची बायको आणि तान्हं मूल, तिघांचा पंथाच्या लोकांनी खून केला. धर्माला हात कसा लावायचा, या संकोचात यंत्रणा चाचपडत राहिल्या. १९९४ मध्ये पंथाने मात्सुमोतो शहरात सारिन हा विषारी वायू सोडला आणि मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत.

सरकारने श्रद्धेच्या नादी लागूच नये, व्यवहार बघावा. रजनीशांचं ओरेगॉनमधलं प्रकरण पुण्यामुळे आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण सांगताना गाड्याच मोजतात. तिथे १९८४ मध्ये त्यांच्या अनुयायांनी, स्थानिक निवडणुकीत बाकीच्यांनी मत द्यायला येऊ नये म्हणून, हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडलं होतं. खुद्द रजनीशांना देश सोडावा लागला तो मात्र इमिग्रेशनच्या गुन्ह्यावरून. कुणी त्यांच्या तत्त्वज्ञानावर खटला भरला नाही. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा केला, त्यातही गुन्हा आहे तो माणसाच्या अगतिकतेचा गैरफायदा घेण्याचा, पंथ काढण्याचा नव्हे. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही कृती बघतो, देव मोजत नाही. त्या कायद्यासाठी आयुष्य घातलेल्या दाभोलकरांचा खून झाल्यावरच तो आला, हे वेगळं सांगायला नको.

धाकटी कशी आली ते राहिलं. दाढ दुखायला लागली. पंथात दुखणं म्हणजे मनातला विकार, डॉक्टर नाही. गाल सुजून डोळा मिटायला आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या एका बाईने तिला भाजीच्या गाडीतून गावात नेलं. डेंटिस्टच्या रिसेप्शनवरच्या मुलीने स्वतःचा फोन हातात दिला. आईला फोन लागला, आणि धाकटी फक्त म्हणाली, "आई, दाढ दुखतेय गं." मराठीत. आई मराठीत ओरडली, "तिथून हलू नकोस!"

पासपोर्ट पंथाच्या कपाटात. पण वकिलातीकडे माझी फाइल आधीच होती: नंबर, झेरॉक्स, फोटो, तक्रारीचा क्रमांक. ओळख पटवण्यात वेळ गेला नाही. चौथ्या दिवशी इमर्जन्सी सर्टिफिकेट निघालं, म्हणजे भारतात परत येण्यापुरता, एकाच प्रवासाचा कागद. तिकीट आम्ही काढलं. मामा विमानतळावर हार घेऊन आले होते.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच. चौकशीला गेलात तर माणसाला कुंपणाबाहेर आणून, एकट्याला, त्याच्या आईच्या भाषेत विचारा. त्याआधी पासपोर्ट त्याच्या हातात द्यायला लावा. देत नसतील तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. आणि भरती इथे, वाशीच्या हॉलमध्ये होते, पैसा इथल्या बँकेतून जातो. तिथे बघायला कमांडो लागत नाहीत. आपल्या नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटलाही केंद्राच्या परवानगीने इथे चालवता येतो, ती परवानगी लवकर द्या.

दोन गोष्टी कबूल करतो. मुलं असतील तर माझं हे सबुरीचं गणित लागू नाही. केनियात शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये उपासाने मारलेल्यांचे चारशेहून जास्त मृतदेह निघाले, त्यात मुलं कितीतरी. तिथे सज्ञान, स्वेच्छा वगैरे बोलूच नये, यजमान सरकारच्या मागे लागून दार उघडायला लावावं. आणि माझ्या रस्त्याला चौदा महिने लागले. दाढ दुखली नसती तर किती लागले असते, हा मामांचा प्रश्न दर दिवाळीला असतो आणि मी तेव्हा चकलीची बशी पुढे करतो.

घरातलं कुणी अशा कोर्सला निघालं असेल तर पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आजच काढून ठेवा. मामांना विचारत बसू नका.