परसात गाणारे पक्षी यावेत म्हणून काय करावं? दाणे टाकले तर नुसती कबुतरं येतात.

आधी दाणे टाकणं बंद करा. आपल्याकडचे गोड गळ्याचे पक्षी, म्हणजे दयाळ, नाचरा, शिंपी, हे मुख्यतः किडे खातात. ज्वारी-तांदळाशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांना हवी असते थोडी अस्ताव्यस्त बाग. झुडपांखालचा पालापाचोळा झाडून जाळू नका, त्यांचं जेवण त्यातच असतं. आणि कीटकनाशकं पूर्ण थांबवा, ही माझी कळकळीची विनंती.

पाणी मात्र जरूर ठेवा. पसरट मातीचं भांडं, पाणी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतात. जवळ बसायला फांदी हवी, पण मांजराला दबा धरायला आडोसा नको.

झाडांत जास्वंद आणि कढीपत्ता लावाच. कढीपत्त्याच्या पिकल्या काळ्या फळांवर बुलबुल तुटून पडतात. जास्वंदीवर शिंजीर येतो; पुष्कळदा तो फुलात समोरून चोच न घालता देठाजवळ बारीक भोक पाडून मध पितो. नीट बघा, फार देखणं दृश्य असतं.

गाणं ऐकायचं तर मार्च ते जून, उजाडायच्या आधी. काळापांढरा दयाळ नर उंच शेंड्यावर किंवा अँटेनावर बसून गातो, मधूनच इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं असलेली. घरटं सापडलं तर लांबूनच बघा, फोटोसाठी पानं-फांद्या अजिबात बाजूला करू नका.